ऑल वी इमॅजिन ॲज लाइट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पायल कपाडियाचा हा चित्रपट मी आमच्या घरच्या टीव्हीवर पाच-सहा वेळा पाहिलाय, दर वेळी वेगळ्या माणसांबरोबर. कॉलेजच्या मैत्रिणी, धाकट्या भावाचे एमपीएससीवाले मित्र, नणंद, वरच्या मजल्यावरचे काका-काकू. संपल्यावर चहा ठेवला की प्रश्न मात्र जवळपास तेच. तीच उत्तरं देऊन कंटाळले, म्हणून एकदाच लिहून काढते. शेवट आधी कळलेला चालत नसेल त्यांनी बुडालेल्या माणसाचा प्रश्न आला की तेवढा सोडून पुढे जावं.

गोष्ट काय आहे, दोन मिनिटांत सांगा.

मुंबईतलं एक रुग्णालय. केरळहून आलेल्या दोन नर्स, प्रभा आणि अनू, एका लहानशा जागेत भाडं वाटून राहतात. प्रभा थोरली, शिस्तीची. तिचं लग्न घरच्यांनी ठरवलेलं. नवरा जर्मनीला कामाला गेला आणि वर्ष उलटून गेलं तरी त्याचा फोन नाही. अनू धाकटी. तिचं शियाझ नावाच्या मल्याळी मुलाशी जमलंय. तो मुसलमान, ही हिंदू, म्हणजे घरी सांगायची सोयच नाही. तिसरी पार्वती, त्याच रुग्णालयात स्वयंपाकाचं काम करणारी, आपल्या रत्नागिरीकडची. तिची चाळीतली खोली बिल्डरला हवी आहे. पहिला भाग मुंबईच्या पावसात, दुसरा कोकणात समुद्राकाठी. प्रभा म्हणजे कनी कुसृती, अनू म्हणजे दिव्य प्रभा (हा नावांचा घोळ पहिली दहा मिनिटं छळतो, मग सवय होते), शियाझ म्हणजे हृदू हारून, पार्वती म्हणजे आपली छाया कदम.

याला प्रेमपट कसं म्हणायचं? ना गाणं, ना मारामारी, ना पळून जाणं.

हा काकांचा प्रश्न. माझं उत्तर: प्रेमपटच आहे, फक्त यात आडवा येतो तो खलनायक नाही, जागा. अनू आणि शियाझ निम्मा चित्रपट एकच गोष्ट शोधत असतात: आतून कडी लावता येईल अशी एक खोली. भांडायला, मिठी मारायला, नुसतं गप्प बसायलासुद्धा प्रेमाला जागा लागते.

बाहेरगावाहून पुण्यात आलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मी २००३ साली उदगीरहून आले आणि नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहिले. ज्यांच्यावर ही वेळ आली नाही त्यांच्यासाठी सांगते: यात खोली भाड्याने मिळत नाही, खाट मिळते. एका खोलीत चार खाटा. खाटेखाली आपली ट्रंक, भिंतीवरचा एक खिळा आपला, आणि शेजारणीच्या खिळ्यावर आपला ओला टॉवेल गेला की आठवडाभर अबोला. दारावर मालकीणबाईंच्या हाताची पाटी: ‘रात्री ९ नंतर दार उघडले जाणार नाही. मित्रांनी जिन्यात उभे राहू नये. मावसभावांनीही.’ शेवटचा शब्द वेगळ्या शाईने मागाहून वाढवलेला होता. आमच्या आधी तिथे राहून गेलेल्या मुलींचा सगळा इतिहास त्या एका शब्दात होता.

मग माणसं जायची कुठे? झेड ब्रिजवर. डेक्कनकडून नारायण पेठेत उतरणारा तो दुचाकींचा पूल. संध्याकाळी कडेने गाड्या लागतात आणि जोडपी रहदारीकडे पाठ करून नदीकडे तोंड करून बसतात. मागून हजार गाड्या जात असतात. पाठ केली की खोली झाली. अनू आणि शियाझ मुंबईच्या गर्दीत नेमकं हेच करत असतात, म्हणून काकांना ते फिरणं वाटलं आणि मला संसार वाटला.

अनू बुरखा का घालते?

शियाझच्या घरचे लग्नाला बाहेर जाणार असतात, म्हणजे घर रिकामं. त्याच्या वस्तीत कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून ती बुरखा विकत घेते, घालून निघते, आणि त्याच दिवशी पावसाने गाड्या बंद पडतात. घरच्यांचं जाणं रद्द, हिचंही रद्द. यावर वाद घालायचा असेल तर जरूर घाला. आमच्याकडे दोनदा झाला, चहा गार झाला. मला त्यात दिसली ती एका खोलीपायी सगळी ओळख झाकून घ्यायला निघालेली पोरगी, आणि इतकं करूनही तिला आडवा आलेला पाऊस.

दिग्दर्शिका पुण्याची आहे ना?

मुंबईची. पण सिनेमा शिकली पुण्यात, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या एफटीआयआयमध्ये, म्हणजे प्रभातच्या जुन्या स्टुडिओच्या आवारात १९६० साली सुरू झालेल्या संस्थेत. २०१५ साली संस्थेच्या अध्यक्षपदी ‘महाभारत’ मालिकेतले नट गजेंद्र चौहान यांची नेमणूक झाली तेव्हा विद्यार्थ्यांनी १३९ दिवस संप केला. त्यात ती होती. संचालकांना घेराव घातल्याच्या प्रकरणात ३५ विद्यार्थ्यांवर गुन्हा नोंदवला गेला, त्यातही तिचं नाव होतं. मी तेव्हा त्याच रस्त्याने रोज ऑफिसला जायचे. फाटकाशी घोषणा चाललेल्या असायच्या आणि बसमध्ये आम्ही ‘सरकारी पैशावर शिकायचं आणि वर हे’ असं म्हणायचो. मीही म्हटलंय, नाकारत नाही.

तिचा विद्यार्थिदशेतला लघुपट ‘आफ्टरनून क्लाउड्स’ २०१७ साली कान महोत्सवाला गेला. २०२१ साली ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’ला तिथेच सर्वोत्तम माहितीपटाचा पुरस्कार मिळाला. त्या माहितीपटात एक सिनेमा शिकणारी मुलगी दुरावलेल्या प्रियकराला पत्रं लिहिते. तो दुरावलाय तो जातीमुळे. घरचे त्याला येऊ देत नाहीत. म्हणजे दोन माणसांना एकत्र असायला जागा कोण देतं आणि कोण देत नाही, हा विषय तिच्या डोक्यात पुण्यातच शिरलेला दिसतो. कॅमेरा दोन्हीकडे रणबीर दासचा.

कानला पहिलं बक्षीस मिळालं का?

दुसरं. २०२४ सालचा ग्रां प्री. पहिलं, म्हणजे पाम दोर, त्या वर्षी ‘अनोरा’ला गेलं. पण मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट पोहोचला तोच तीस वर्षांनी. त्याआधीचा शाजी करुण यांचा ‘स्वहम’, १९९४ सालचा.

मग ऑस्करला का पाठवला नाही?

आपल्याकडून ‘लापता लेडीज’ गेला. फ्रान्सचा पैसा यात असल्याने फ्रान्सनेही याचा विचार केला होता, पण त्यांनी ‘एमिलिया पेरेझ’ पाठवला. गंमत अशी की ‘लापता लेडीज’मध्येही छाया कदम आहेच. कुठलाही गेला असता तरी बाई गेलीच असती.

कोणत्या भाषेत आहे? आम्हाला मल्याळम येत नाही.

मल्याळम, हिंदी आणि मराठी. सबटायटल्स लावा आणि लाजू नका. मराठी प्रेक्षकाला एक फायदा आहे जो केरळातल्या प्रेक्षकाला नाही: पार्वती बोलायला लागली की आपल्याला खाली वाचावं लागत नाही. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’मधून छाया कदम आपल्या घरचीच झालेली आहे, त्यामुळे ती पडद्यावर आली की आमच्या दिवाणखान्यात सगळे जरा सैलावून बसतात.

भाषा ही यात नुसती सोय नाही. रुग्णालयात डॉक्टर मनोज म्हणून एक मल्याळी डॉक्टर आहे. शिकलेला, चांगल्या पदावरचा, पण हिंदी जमत नाही म्हणून शहरात रुळतच नाही. प्रभावर त्याचा जीव आहे आणि तो तिला कवितांची वही देतो, अर्थात मल्याळममध्ये. जो माणूस दिवसभर दुसऱ्याच्या भाषेत अडखळतो तो प्रेम मात्र स्वतःच्या भाषेत करतो. माझ्या भावाचा मित्र, परभणीचा, हे पाहून म्हणाला, ‘मी इथं ‘आलो व्हतो’ म्हणलं की पोरी हसतात.’ तोही मराठीच बोलतो, आणि हे शहरही.

सुरुवातीला जे आवाज ऐकू येतात ते कुणाचे?

वेगवेगळ्या भाषांतले, शहरात येऊन राहिलेल्या माणसांचे. रात्रीचा बाजार, लोकल, आणि त्यावर हे आवाज. चेहरा कुणाचा कळत नाही. एक जण साधारण असं सांगतो की इथे इतकी वर्षं काढली तरी याला घर म्हणायची भीती वाटते. बऱ्याच जणांना वाटतं, खरी गोष्ट सुरू व्हायला वेळ आहे, आणि ते फोन बघतात. तेवढी पाच मिनिटं फोन उलटा ठेवा.

त्या भाताच्या कुकरचं काय प्रकरण आहे?

सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न, आणि तो नेहमी बायका विचारतात.

प्रभाच्या पत्त्यावर एक खोकं येतं. आत विजेवर चालणारा भाताचा कुकर, लालभडक, चकचकीत. पत्र नाही, चिठ्ठी नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही. उलटा करून बघितलं तर ‘मेड इन जर्मनी’. नवऱ्याने पाठवला? मग फोन का नाही? निरोप म्हणून पाठवला की निरोप घ्यायला? चित्रपट सांगत नाही. नंतर एका रात्री खिडकीतून पाऊस आत आलेला असतो. प्रभा फरशी पुसता पुसता थांबते, तो कुकर पुढ्यात ओढून घेते आणि त्याला मिठी मारते. एवढंच. संगीताचा मारा नाही, अश्रू नाहीत. एक बाई जमिनीवर बसून भांड्याला कवटाळते आहे.

आमच्या खोलीतल्या एकीचं लग्न ठरलेला मुलगा मस्कतला होता. त्याने केस वाळवायचं यंत्र पाठवलं. आमच्या खोलीत प्लग एकच, आणि मालकीणबाईंचा नियम की इस्त्रीसुद्धा लावायची नाही. दोन वर्षं ते यंत्र खोक्यातच राहिलं. रविवारी ती ते बाहेर काढायची, वायर सोडवायची, परत तशीच गुंडाळायची आणि ठेवून द्यायची. आम्ही हसायचो. कुकरचा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आमचं ते हसणं आठवून बरं वाटलं नाही.

परदेशी गेलेली माणसं वस्तू पाठवतात, कारण वस्तू पाठवणं सोपं असतं. असं माझं मत. नणंदेचं मत वेगळं आहे: निदान पाठवतो तरी.

पार्वतीकडे घराचे कागद कसे नाहीत? वीस वर्षं राहते ना?

हा प्रश्न पेठेत वाडा असलेल्या लोकांकडून येतो. पार्वती विधवा आहे, तिचा नवरा गिरणीत होता. खोली त्याच्यामुळे मिळालेली, आणि तो गेल्यावर तिच्या नावावर काही आहे असं दाखवणारा एक चिटोरा सापडत नाही. प्रभा तिला वकिलाकडे नेते, तिथेही तेच.

यामागे गिरणगावाचा सगळा इतिहास आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटला असं कधी झालंच नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, जमिनीवर टॉवर उभे राहिले, आणि ज्यांच्या घामावर ते परळ-लालबाग उभं होतं त्यांच्या बायकांना कागद विचारले जाऊ लागले. चित्रपटात हे भाषण करून सांगत नाहीत. पार्वती आणि प्रभा रात्री एका टॉवरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात आणि पळतात, शाळकरी पोरींसारख्या. तेव्हा आमच्या काकू, ज्यांनी आयुष्यात चिंचेलाही दगड मारला नसेल, ‘अजून एक मार गं’ म्हणाल्या.

आपल्याकडे माणूस आहे याचा पुरावा लाईटबिल. ते ज्याच्या नावावर तो त्या घरातला. बायकोने चाळीस वर्षं त्या लाईटखाली भाकरी थापली तरी बिलावर तिचं नाव नसतं.

हेच पुण्यात घडलं असतं तर?

भावाच्या मित्रांनी यावर एक अख्खी रात्र घालवली. पावसाने लोकल बंद पडणं बाद, कारण आपल्याकडे शेवटची बस चुकते किंवा गाडीतलं पेट्रोल संपतं. शियाझच्या जागी एमपीएससीचा तिसरा प्रयत्न करणारा, मेसचं बिल थकलेला पोरगा. अभ्यासिकेत शेजारच्या खुर्चीवर बसणारी त्याची अनू. अभ्यासिकेत बोलायचं नाही, म्हणून सगळं प्रेम वहीच्या मागच्या पानावर. राहण्याचा करार अकरा महिन्यांचा, त्यामुळे अकरा महिन्यांनी पेठ बदलणार, आणि निकाल लागला की कदाचित जिल्हाच.

पार्वतीसाठी त्यांना पात्र सापडेना. मी म्हटलं, पूरग्रस्त वसाहतीत बघा. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या, माणसांना गोखलेनगरसारख्या वसाहतींत घरं दिली गेली, आणि त्या घरांच्या मालकीचं घोंगडं पुढे कित्येक दशकं भिजत पडलं. तिथल्या एखाद्या आजीला कागदांविषयी विचारून बघा. ती आधी प्लॅस्टिकची पिशवी काढेल, त्यातून दुसरी पिशवी, त्यातून तिसरी.

फार संथ आहे का हो?

आहे. जेवून लगेच बसू नका.

मुलांबरोबर पाहता येईल का?

लहान मुलांबरोबर नको. अनू आणि शियाझचा कोकणातला जंगलातला प्रसंग उघड आहे, आणि चांगला आहे. मोठ्या मुलांबरोबर पाहिलात तर त्या वेळी उठून पाणी आणायला जाऊ नका; आपण गेलो की त्यांना कळतं.

नावाचा अर्थ काय?

इंग्रजी नाव मराठीत आणायचा प्रयत्न काकांनी केला आणि सोडून दिला. मल्याळम नाव ऐकलं की एकदम उलगडतं: ‘प्रभयाय् निनच्चदेल्लाम’. प्रभा म्हणून जे जे कल्पिलं ते सगळं. प्रभा म्हणजे उजेड आणि प्रभा म्हणजे ती बाईही. हे आपल्याला कुणी फोड करून सांगावं लागत नाही.

शिवाय मराठीत लाईट म्हणजे वीज. ती येते, जाते, बिल थकलं तर तोडतात. पार्वती मुंबई सोडून गावच्या घरी परतते, प्रभा आणि अनू तिला सोडायला जातात, तर तिथे लाईटच नाही. अंधारात त्या घरात दारूची बाटली सापडते, आणि पार्वती आणि अनू ती पिऊन नाचतात. मुंबईच्या ट्यूबलाईटखाली त्या दोघी इतक्या मोकळ्या कधीच दिसल्या नव्हत्या.

समुद्रातून काढलेला तो बुडालेला माणूस खरंच प्रभाचा नवरा असतो का?

(शेवट नको असेल त्यांनी पुढच्या प्रश्नावर जावं.)

नाही. निदान सरकारी अर्थाने नाही. किनाऱ्यावर एक माणूस सापडतो, प्रभा छाती दाबून, तोंडाने श्वास देऊन त्याला वाचवते. गावातली म्हातारी त्याला हिचाच नवरा समजते. प्रभा ते खोडून काढत नाही. मग रात्री तो तिच्याशी नवऱ्यासारखा बोलू लागतो: कारखान्यात दिवस की रात्र कळायचं नाही, इतका अंधार असायचा, की उजेडाची कल्पनाही करता यायची नाही. चल माझ्याबरोबर, म्हणतो. ती नाही म्हणते.

काही जण इथे वैतागतात. ‘हे काय, भूत आहे का?’ त्यांनी पहिल्या भागात लक्ष दिलेलं नसतं. तिथे रुग्णालयातली एक म्हातारी प्रभाला सांगते की मेलेला नवरा तिला दिसतो. त्या वेळी आपण ते औषधाच्या गुंगीवर टाकून देतो. प्रभाने टाकलेलं नसतं. जो माणूस फोन उचलत नाही त्याला ‘नको’ तरी कुठे म्हणायचं? त्यासाठीही समोरासमोर बसायला एक जागा लागते, आणि ती तिला समुद्राने दिली.

त्यानंतरच ती अनूला सांगते की तुझ्या त्या मुलाला बोलाव. किनाऱ्यावरच्या एका टपरीत रंगीत दिव्यांच्या माळेखाली चौघं बसतात. भिंत एकही नाही, कडी लावायला दारही नाही.

कुठे पाहता येईल?

आपल्याकडे थिएटरात २२ नोव्हेंबर २०२४ ला लागला होता. २०२५च्या जानेवारीत हॉटस्टारवर आला. दिवे बंद करा, पंखा चालू ठेवा.

खऱ्या नर्सला कसा वाटला?

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर केरळच्या तीन मुली भाड्याने राहतात, तिघी नर्स. त्यांतली एक सुट्टीच्या दुपारी आली, येताना केळ्याचे चिप्स घेऊन. आम्ही जिथे हसत नव्हतो तिथे ती हसत होती. सबटायटलकडे बघून दोनदा म्हणाली, ‘ताई, वो इतना ही नहीं बोली.’ काय जास्त बोलली ते विचारलं तर सांगता येईना, हिंदीत नाही होत म्हणाली. अनू कंटाळून स्टेथोस्कोप छातीला लावून बसते ते पाहून म्हणाली, आम्हीपण करतो. कुकरच्या प्रसंगाला गप्प होती. मग कोकण सुरू झालं, समुद्र दिसला, आणि तिने घड्याळ पाहिलं. रात्रपाळी होती. ‘ताई, बस यहीं रोक दो, परसों आती हूँ,’ म्हणून चप्पल घालून गेली.

परवा तिची पाळी बदलली. मग एकदा ती आली तर मी नव्हते, मग तिच्या घरचं कुणीतरी आजारी म्हणून ती गावी जाऊन आली. मध्यंतरी जिन्यात भेटली तेव्हा आधी तिने तेच विचारलं: वो नर्स लोग गाव पहुँचे, फिर क्या हुआ? मी सांगितलं नाही. चित्रपट अजून तिथेच थांबवलेला आहे, शेवटची तीस-चाळीस मिनिटं बाकी. तेव्हापासून मी कुणाला दाखवला नाही, कारण सुरुवातीपासून लावला की तिची जागा जाईल.